राघू म्हणे, घरी कोण?

पौषातलं ऊन. कोवळं, केशरी, किंचित आळसावलेलं. सीना नदीच्या काठाकाठानं शाळूची दवभरली, दाणेदार कणसं डोलत होती आणि त्यांवर राघू उतरत होते. हिरवे राघू, लालचुटूक चोचींचे राघू, नुकता कंठ फुटलेले राघू. राखणीच्या माळ्यावर उभी राहून सुगंधा त्यांना गोफणीनं हाकलत होती, आणि हाकलता हाकलता गात होती.

बांधावर एक म्हातारा थबकला. शाहीर राघू अवघडे. वय बहात्तर, डफ खुंटीवर, कंठ केव्हाच गेलेला. सुगंधा गात होती ते गाणं त्याचं होतं.

अहो, काय दिवस होते ते! चैत्रातल्या जत्रा, गुलालधूसर संध्याकाळी, डफावर थाप पडली की हातातला घास टाकून माणसं धावायची. राघूनं चाळीस वर्षं गाणी बांधली, चाळीस वर्षं गायिली. दीडशे असतील, दोनशे असतील. गळा बसला तशी गाणीही बसली. लिहून कोण ठेवतंय? एकच तेवढं उरलं.

ते त्यानं बायकोच्या तेराव्याला बांधलं होतं. कमळजा गेली तेव्हा हा जत्रेत, टाळ्यांच्या पावसात. परतला तर दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आत चूल थंड. रडू आलं नाही, गाणं आलं. त्याला शाहिरी शिकवणारे वस्ताद ते ऐकून म्हणाले, “शेवटच्या कडव्यात नाव ओव. शाहिराची रीतच हाय ती. नाव ओवलं की गाणं कुणाच्या बापाला चोरता येत न्हाई.”

त्यानं नाव ओवलं.

गाव सुटलं, वाट उरली,
राघू म्हणे, घरी कोण?

गाणं रानोरान गेलं, जात्यावर गेलं, पाळण्यावर गेलं, रेडिओवरही लागलं. आता तालुक्याच्या कॉलेजातले एक मास्तर लोकगीतांचं पुस्तक काढत होते. त्यात या गाण्याखाली लिहिलं होतं, कर्ता अज्ञात. राघूला ते फार लागलं. मास्तर भले, म्हणाले, “आजोबा, हे गाणं गाणारं एक माणूस आणा. तुमचं आहे एवढं त्यानं म्हणावं, की नाव घालतो.”

म्हणून तो आज इथं उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाकडे काही मागायचं होतं.

“बाई, गाणं कुणाचं गं हे?”

“कुणाचं म्हंजे?” सुगंधानं गोफण खाली केली. “राघूचं!”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले.

“त्यो बघा की,” तिनं कणसावरच्या एका हिरव्या पाखराकडे बोट केलं. “पिंजऱ्यातनं सुटतो, घरी येतो, तर घरात कुणीच न्हाई. माझ्या आज्जीच्या आज्जीपासनं चालत आलंय. तुम्ही कोण म्हणायचं, बाबा?”

ऊन कणसांवरून सावकाश सरकलं.

“मी... राघू.”

“अगं बया!” ती खळखळून हसली, निर्मळ, निर्वैर. “ह्या गाण्यावरनंच ठिवलं व्हय नाव?”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. सांगावं? चाळीस वर्षं सांगावीत, कमळजा सांगावी, लोटलेलं दार सांगावं? सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच निवलं.

“व्हय बाई,” तो म्हणाला. “गाण्यावरनंच ठिवलं.”

तालुक्याची वाट उजवीकडे फुटत होती. तो डावीकडे वळला.

मागं गोफण गरगरली, दगड सणाणला, आणि हिरवा, लखलखता, कलकलता थवा शाळूवरून एकदम उठला. सुगंधानं शेवटचं कडवं पुन्हा धरलं. राघू म्हणे, घरी कोण? राघू म्हणे, घरी कोण? थवा नदीपल्याड गेला. म्हातारा घराकडे चालत राहिला.