तातांना घेऊन दोन दिवस

बेत दोन दिवसांचा होता. शनिवारी सकाळी राजधानीतून बस, खाली तळ्याच्या धक्क्यावर उतरून अकराच्या आत लाँच, दुपारचं जेवण सान गास्पारला आत्याकडे, रविवारी परत. सोमवारी मला वाचनालय उघडावं लागतं. वेळा मी कागदावर लिहिल्या आणि हॉस्पिटलच्या खाटेवर बसून तातांनी माझ्याच पेनानं ‘अकरा’खाली दोन रेघा मारल्या. दुपारी तळ्यावर शोकोमिल सुटतो. चाळीस वर्षं लाँच चालवलेल्या माणसाला त्या वाऱ्याचा भरवसा नव्हता.

“दोनच दिवस?” ताता म्हणाले होते. “दोन दिवस गोरे येतात, फोटो काढायला.”

“आधी बरे व्हा. मग चार करू.”

“तू करशील! तुझी पुस्तकं पळून जातील ना तोवर.”

नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला ते गेले. मी तिथं नव्हते. दरड कोसळून रस्ता बंद होता, गावाहून कोणी येऊ शकलं नाही. राजधानीच्या दफनभूमीत, भिंतीतल्या एका कोनाड्यात त्यांना ठेवलं.

दोन आठवड्यांनी निकोलासा आत्याचा फोन आला. तातांची ही धाकटी बहीण, त्यांना नावानंच हाक मारणारी.

“बाल्तासार कुठंय?”

“आत्या, तुला सांगितलं ना, चौथ्या रांगेत...”

“ते शरीर. मी त्याचं विचारतेय. हाक मारलीस का त्याला?”

आमच्याकडे माणूस परमुलखात गेला तर जिथं श्वास सुटला तिथंच घुटमळत राहतो. घरच्या कुणीतरी तिथं जायचं, शेवटी अंगावर होता तो कपडा हातात धरून त्याला हाक मारायची, आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर पुन्हा हाक मारत त्याला घरापर्यंत आणायचं. नाहीतर तो तिथंच राहतो, अनोळखी माणसांत, रस्ता विचारत. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. नंतर पुस्तकातही वाचलं, तळटिपांसकट.

“रस्ता सुरू झालाय,” मी म्हणाले. “शनिवारी येते त्यांना घेऊन. दोन दिवस.”

“दोन तर दोन. त्याचा शर्ट आण. निळा होता ना, रेघांचा?”

“हो. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.”

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट तेवढा ऐकू आला.

“धुतलास?”

“आत्या, त्याला वास येत होता.”

“येणारच! तुझा बाप होता तो, फुलदाणी नव्हे. साबणानं?”

“दोनदा.”

“शाब्बास. राजधानीत हेच शिकवतात वाटतं. टोपी?”

“शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिली. थंडी वाजत होती त्याला.”

“कंगवा?”

तीन दिवसांत मी माझ्या घरातली त्यांची खोली आवरली होती. चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, दात ठेवायची वाटी घासली, कंगवा फेकला. दुसरं काय करायचं ते सुचलं नव्हतं.

“बरं, पोरी,” आत्याचा आवाज खाली आला. “मग नुसत्या आवाजावर आण. तुझा आवाज तरी ओळखेल ना? शेवटचं काय बोललीस त्याच्याशी?”

“आठवत नाही.”

आठवत होतं. आदल्या दिवशी संध्याकाळभर ते विचारत होते, वारा सुटला का, वारा सुटला का. मी म्हणाले होते, “ताता, तेच तेच काय विचारता? झोपा आता.”

शनिवारी सहा वाजता मी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी होते. रखवालदार म्हणाला, “भेटीची वेळ दोनची, बाई. पेशंट कुठल्या वॉर्डात?”

“आता वॉर्डात नाहीत.”

तो बाजूला झाला. शर्ट मी हातावर घेतला होता, दुसरं काही नव्हतं म्हणून. गजांतून तिसऱ्या मजल्याकडे पाहून म्हणाले, “ताता, चला, घरी जाऊ.” दोनदा म्हणाले. वाचनालयात कुणाला पुस्तक परत मागावं तसा माझा आवाज निघत होता.

“जरा जोरात,” रखवालदार पाठीमागून म्हणाला. तोही डोंगराकडचाच असावा. “माझ्या आईला तर बोंब मारून न्यावं लागलं. बहिरी होती. बाजारातली सगळी कुत्री आली मागं, मग ती आली.”

मी तिसऱ्यांदा जोरात हाक मारली आणि मागं न बघता बसकडे निघाले.

बसमध्ये मी खिडकीची जागा मोकळी ठेवून बसले. पहिल्या दोन वळणांवर हळूच हाक मारली. चिमाल्तेनांगोला माणसं चढली, कंडक्टर ओरडला, “सरका, सरका! बाकावर तीन बसतात, बाई, एकटीसाठी घेतलाय का?” दोन कोंबड्या घेतलेली एक बाई माझ्याकडे बघत उभी होती. ती जागा कुणाची हे मला सांगता आलं असतं. तिथं कुणी हसलंही नसतं.

मी सरकले.

धक्क्यावर पोचायला अकरा वाजून गेले. लाँच भरल्याशिवाय सुटत नाही. ती साडेबाराला भरली. तळ्याच्या मध्यावर वाऱ्यानं गाठलं. लाँच उचलून आपटत होती, पाणी अंगावर येत होतं, सगळ्यांनी मिळून प्लास्टिकचा कागद डोक्यावर ओढला. भूशिराच्या वळणावर हाक मारायची असते, लाँच फिरते तिथं. मी दोन्ही हातांनी फळी धरून होते. वळण गेलं ते मला धक्का दिसू लागल्यावर कळलं. मधल्या सगळ्या पाण्यात मला फक्त माझीच भीती वाटली होती.

आत्या धक्क्यावर उभी होती, हातात पेटतं धुपाटणं. गुडघे दुखत असून ती उतार उतरून आली होती. मी तिच्यापाशी गेले तरी ती लाँचकडेच बघत राहिली. माणसं उतरली, सिमेंटची पोती उतरली, कोंबडीवाली उतरली. लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं.

“हाक मधे सोडलीस?” तिनं विचारलं.

“वारा होता, आत्या.”

“त्याला वारा नवा होता का?”

चढावर तिनं माझा दंड धरला, आधारासाठी.

घरात चुलीपाशी चटई घातली होती. टोमॅटोच्या रश्श्यातले बारके मासे, फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या भाकऱ्या. वाडगे तीन होते, तिन्ही आधीच वाढलेले. आत्यानं त्यातला एक उचलला, भांड्यात ओतला, तळाला राहिलेला मासा बोटानं निपटून काढला आणि झाकण ठेवलं.

“जेव,” ती म्हणाली. “उद्या पहिली लाँच सहाला आहे. तेव्हा वारा नसतो.”