राजेदेवांनी खोडलेला चौदा नंबर

खुन-हायने काट्यांचा गोळा गरगर फिरवून स्वतःच्या उघड्या पाठीवर आपटला आणि रक्ताचा शिंतोडा थेट माझ्या चष्म्यावर उडाला. दीडशे माणसं एका आवाजात ओरडली, "राजेदेव आले!" राजेदेव म्हणजे रोगराई हाकलणारा आमचा देव. मी चष्मा पुसला. मत्स्यखाद्याच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये उदबत्त्यांचा धूर असा कोंडला होता की देव सोडून कुणालाही धड श्वास घेता येत नव्हता.

अंगात येणारे भगत आम्हा ताइवानच्या किनाऱ्यावरच्या लोकांना नवे नाहीत. तलवारीने कपाळ फोडून घेणारे मी लहानपणापासून बघत आलेय. वरची कातडी फाटली की रक्त भरपूर वाहतं आणि आठवड्यात खपली धरते. जिल्ह्याच्या इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर मी सव्वीस वर्षं बसलेय. असे कितीतरी देव टाके घालायला माझ्यापुढे निमूट रांगेत उभे राहिलेत.

पण खुन-हाय नुसतं रक्त काढून थांबत नव्हता. कुणी न सांगताच तो माणसांची दुखणी सांगायचा, आणि त्यामुळे तीन महिन्यांत सगळा गाव त्याच्या पायाशी लोळत होता.

"ह्राँ! ह्रूम! फट्!" तो गुरगुरला. देवाचं गुरगुरणं माणसांच्या भाषेत आणायचं काम त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या याओबाईंचं. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "चेन थ्येन-चाय! देव बोलावतात!"

थ्येन-चाय माझा मोठा भाऊ. खाडीत कालवं पिकवतो. तो पुढे झाला.

"मंगळवारी तू इस्पितळात जाणार. यकृताचे डॉक्टर फान. नंबर चौदा. खरं की खोटं?"

दादाने गुडघे टेकून हात जोडले. त्याच्या यकृतात गाठ आहे हे गावात तिघांनाच ठाऊक होतं: तो, वहिनी आणि मी.

"जाऊ नकोस!" याओबाई कडाडल्या. "राजेदेव रोगाच्या वहीतून तुझं नाव खोडणार. मंगळवारी विचारून बघ, तिथे तुझं नाव सापडलं तर देव आपलं सिंहासन सोडतील!"

मग खुन-हायने तलवार उचलली आणि दादाच्या पाठीवर आडवी हाणायला सुरुवात केली. पहिले दोन वार सपाट बसले. तिसऱ्या वेळी पातं वळलं, खांदा उकलला आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं. "आणखी मारा, देवा!" दादा रडत ओरडत होता. मी धावले तर दोघांनी माझे दंड आवळून धरले. या गदारोळात याओबाई उदबत्त्या बदलायच्या निमित्ताने पडद्याआड जाऊन आल्या. देव एवढा बोलत असताना दुभाष्याने उठून जावं, हे मला जरा विचित्र वाटलं.

मंगळवारी मी खिडकीवर बसल्याबसल्या यादी उघडली. चौदा नंबरवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. दादाचं नाव गेलं होतं.

नोंदीत खोलवर शिरले तेव्हा कळलं. शनिवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी आमच्या इस्पितळाच्या संकेतस्थळावरून त्याची वेळ रद्द केली होती. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात, ओळखपत्राचा नंबर आणि जन्मतारीख. तीन वीसला दादा तलवार खात होता. माझं डोकं सणकलं.

डॉक्टर फानच्या मी हातापाया पडले. ते म्हणाले, "गाठ झपाट्याने वाढतेय. गुरुवारी सकाळी आणा. त्यानंतर मी काही सांगू शकत नाही."

संध्याकाळी दादाकडे गेले. खांद्याला पट्टी बांधून तो मजेत भाताची पेज पीत होता.

"दादा, ते नाव माणसाने काढलंय. संगणकातून."

"मग काय झालं? राजेदेवांनी संगणकातून काढलं! देवाला काय संगणक येत नाही?"

"अरे, गुरुवारी नाही आलास तर मरशील!"

"आ-लुआन, तुम्हा इस्पितळवाल्यांच्या पोटात दुखतंय. गिऱ्हाईक गेलं ना!"

बापासमान भाऊ, आणि त्याला शहाणपण शिकवण्यात माझी जीभ झिजली. घरी येऊन मी रागाने रडले. मग डोळे पुसले आणि स्वतःच्या नावाने मूळव्याधीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला मूळव्याध नाही, कधी नव्हती.

बुधवारी दुपारी शेडमध्ये याओबाईंनी माझ्यापुढे लाल कागद सरकवला. नाव, जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्राचा नंबर. देवापुढे नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायला आम्हाला आयांनी शिकवलेलं असतं. त्याशिवाय देव घर कसं शोधणार? अलीकडे लोक नंबरही सांगू लागलेत.

"नंबर कशाला, याओबाई?"

"अगं, अर्धी गल्ली चेन आडनावाची. देवाची कृपा तिसऱ्याच चेनवर पडली म्हणजे? आणि कार्डही दे. तीन दिवस देवाच्या आसनाखाली राहिलं की पीडा जाते."

कार्ड घरी विसरले म्हणाले. कागद भरून दिला. याओबाई उदबत्त्या बदलायला पडद्याआड गेल्या, परत आल्या. खुन-हायने गोळा पाठीवर आपटला.

"चेन स्यू-लुआन! तुझ्या बुडाशी आग आहे! रक्त जातं! शुक्रवारी मूळव्याधीचे डॉक्टर, नंबर एकतीस!"

लोक हसले, मग लगेच हात जोडले. मी उभी राहिले.

"राजेदेव, मला मूळव्याध नाही. ती वेळ मी काल थट्टेत घेतली. आग कुणाच्या बुडाशी लागलीय ते आता बघू." पहिल्या रांगेत गावातले सगळ्यात मोठे भक्त, ल्यांग काका होते. मी इस्पितळाचं संकेतस्थळ उघडून माझा फोन त्यांच्यापुढे धरला. "काका, ओळखपत्राचा नंबर आणि जन्मतारीख या फोनवर तुम्हीच टाका. मी बघतही नाही."

काकांनी अडखळत टाकले. फोनवर आलेलं मी मोठ्याने वाचलं. "शुक्रवार, डोळ्यांचे डॉक्टर, नंबर नऊ. खरं की खोटं?"

"ख... खरं!"

"चमत्कार करू? नाव खोडू?"

"कर," काका म्हणाले.

मी बटण दाबलं. "गेलं. आता मला पण एक काट्यांचा गोळा द्या."

याओबाई देवाच्या आसनाकडे झेपावल्या आणि खालची पेटी उराशी धरून मागच्या दाराकडे पळाल्या. मी त्यांचा पदर, म्हणजे झग्याचं टोक, धरलं. त्याच क्षणी खुन-हायने तो गोळा माझ्यावर फिरवला. मी हात आडवा घातला. मनगटाजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. काटे मांसात रुतले होते आणि तो हिसका देऊन ते उपटत होता.

पेटी फरशीवर आपटून फुटली. आत आमची ओळखपत्रं होती आणि तीसेक फोन. प्रत्येक फोनवर चिकटपट्टी, पट्टीवर गावातल्या एकेकाचं नाव. त्यातला एक वाजू लागला. पट्टीवर नाव होतं: चेन थ्येन-चाय.

दादाने तो उचलला.

"थ्येन-चाय!" फोनमधून एका बाईचा चिरका आवाज सगळ्या शेडने ऐकला. "पोलीस आहेस म्हणालास माझ्या आईला! तुला भिऊन तिने विष घेतलं रे! तुझं नाव, तुझा नंबर आहे माझ्याकडे! तुला फासावर चढवीन!"

"मी... बाई, मी कालवं पिकवतो," दादा पुटपुटला. फोन कट झाला. त्याने माझ्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं, खुन-हायच्या हातातल्या गोळ्याकडे पाहिलं आणि देवासमोरचं लाकडी बाकडं उचलून त्याच्या तोंडावर घातलं. दात उडाले. मग सगळी गर्दी त्या दोघांवर तुटून पडली. शनिवारी ज्यांनी माझे दंड धरले होते, तेच आता खुन-हायच्या बरगड्यांत लाथा घालत होते.

"थांबा!" मी बोंबलले. "आधी डोकं न वापरता पाया पडलात, आता डोकं न वापरता जीव घेताय! हा मेला तर हे फोन कुणी वापरले ते सांगणार कोण? पोलिसांना बोलवा!"

ल्यांग काका मध्ये आडवे आले म्हणून तो वाचला. पोलीस आले तेव्हा त्याच्या पाठीवरचं रक्त कुठलं देवाचं आणि कुठलं गावकऱ्यांचं, कळत नव्हतं. कार्ड आसनाखाली ठेवायचं, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, त्या नावावर फोन घ्यायचे आणि त्या फोनवरून पोलीस असल्याचं सांगून परगावच्या म्हाताऱ्यांना धमकावून पैसे उकळायचे, एवढाच त्या दोघांचा दैवी उद्योग. दुखणी सांगणं हे फक्त गर्दी जमवायला होतं. काकांची वेळ मी तिथेच पुन्हा घेतली, पण नऊ जाऊन सव्वीस नंबर मिळाला. काका त्यावरून अजून मला टोचतात.

गुरुवारी सकाळी हाताला प्लास्टर घालून मी खिडकीवर बसले. रजा नको म्हणाले; दादाची नोंद मलाच करायची होती. तो आला. त्या मेलेल्या बाईच्या मुलीचा आवाज रात्रभर कानात होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ओळखपत्र दे, दादा."

त्याने कार्ड खिशातून काढलं, पण दोन्ही हातांत घट्ट दाबून धरलं. "कशाला पाहिजे?" त्याने विचारलं. "कोण बघणार? झाल्यावर परत कधी देणार?"

मागे रांगेत तीस-चाळीस माणसं होती. कुणीतरी ओरडलं, "सख्खी बहीण आहे ना तुझी? दे की लवकर!"

वाचकहो, हेच तीन प्रश्न प्रत्येकाला विचारा. देवाच्या दारात विचारा, बँकेत विचारा, फोनवर गोड बोलणाऱ्याला विचारा, मलाही विचारा. उत्तर मिळेपर्यंत कार्ड हातातून सोडू नका, मग मागे कितीही माणसं खोळंबोत. जो खरंच तुमच्या कामाचा आहे, तो रागावणार नाही.

मी दादाला सगळं नीट समजावून सांगितलं. मग त्याने कार्ड दिलं आणि डॉक्टर फानच्या दाराकडे गेला.