बिनचिठ्ठीचा

गोरोबा मास्तरांनी जुन्या वहीची कोरी पानं फाडून एकोणीस चिठ्ठ्या केल्या आणि एकेकीवर नाव लिहून खाली सही ठोकली. पाळकसाहेबांची दमणी अणदूरहून निघाल्याची खबर आली होती. ख्रिस्ती वस्तीत कुणाचा पाय घरात ठरत नव्हता. बायांनी शाळेची खोली दोनदा सारवली. प्रभुभोजनासाठी गव्हाच्या पोळ्या भाजताना मथुराबाईंचं लक्ष सारखं वाटेकडे जात होतं, म्हणून पहिल्या दोन करपल्या.

प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीनं पोळीचा तुकडा घेण्याचा विधी, वर्षातून एकदाच व्हायचं, आणि वस्तीची रीत ठरलेली होती. आधी मास्तरांनी प्रत्येकाला तपासायचं: दहा आज्ञा पाठ आहेत का, दारू सुटली का, भांडणं मिटली का. कसोटीला उतरेल त्याला चिठ्ठी. ती दारात पाळकांना दिली की आत जायचं. मथुराबाई चौथ्या खेपेला उतरल्या होत्या. पदराच्या गाठीतली चिठ्ठी त्या सारखी चाचपून पाहत होत्या.

फक्त सिदूला चिठ्ठी नव्हती. त्यानं अणदूरच्या जत्रेत पालखीपुढं हलगी वाजवली होती, आणि ख्रिस्ती माणसाला ते वर्ज्य होतं.

"सहा महिने नीट वाग, मग बघू," मास्तर म्हणाले.

"निजामसरकारच्या कचेरीत बी येवढी तपासणी न्हाय, मास्तर," सिदू हसला. "आन् सगळेच नीट वागाय लागले तर तुमाला काम काय ऱ्हाईल?"

लोक हसले. मास्तरांनी मनावर घेतलं नाही. वीस माणसांत एकोणीस चोख निघाली होती, आणि ती त्यांनी घडवली होती. नवे पाळक आज प्रथमच येत होते. ते काय म्हणतील, या विचारानं मास्तरांना सकाळपासून अन्न गोड लागलं नव्हतं.

दमणीच्या बैलांची घुंगरं वाजली तशी सगळी वस्ती वेशीकडे धावली.

पाळकांनी दारात उभं राहून एकेक चिठ्ठी घेतली. एकोणीस जण आत गेले. मागोमाग मास्तर निघाले. वीस वर्षं आत पोळीच्या तुकड्यांचं ताट तेच धरत आले होते. सगळ्यांना देऊन झालं की आपला तुकडा ते स्वतःच उचलून घेत.

"मास्तर, तुमची?" पाळकांनी हात पुढे केला.

"माझी?"

"चिठ्ठी."

"मला कोण तपासणार, साहेब?"

पाळकांनी हात तसाच पुढे ठेवला.

मास्तर ओट्यावर बसले. उरलेल्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि सही करण्याआधी सवयीनं प्रश्न विचारले. दारू नाही. आज्ञा पाठ. भांडण कुणाशी नाही. मग त्यांना तो दिवस आठवला. सिदू जत्रेत गेल्याची बातमी आली होती आणि त्यांना आनंद झाला होता. आपल्याला हसणारा माणूस शेवटी तावडीत सापडला म्हणून. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली होती.

पेन्सिल पुढे सरेना.

"इकडं बसा की," भिंतीला टेकलेला सिदू म्हणाला. "सावली लई हाय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मास्तर उठून त्याच्याशेजारी जाऊन बसले.

आतलं गाणं थांबलं. पाळक ताट घेऊन दारात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्यांच्याकडे चिठ्ठी नाही, त्यांनी आधी यावं. हे कमाईचं जेवण नाही. प्रभूनं दिलेलं आहे."

आत कुजबुज उठली.

"मंग म्या आज्ञा कशापायी पाठ केल्या?" मथुराबाईंनी विचारलं.

"पाठ झाल्या ते चांगलंच झालं, आजी," पाळक म्हणाले.

सिदूनं धोतराला तळवे पुसले आणि तो सरळ आत गेला. मास्तर भिंतीशी बसूनच होते. पापातून तारण देवाच्या कृपेनं मिळतं, हे वाक्य त्यांनी किती पोरांच्या पाट्यांवर गिरवून घेतलं होतं. ते आपल्यालाही लागू आहे, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते उठले, जवळजवळ पळतच आत गेले आणि सिदूच्या शेजारी गुडघे टेकले.

पाळक जवळ येत होते. वीस वर्षं मास्तरांनी ताटापुढं आलेले हात पाहिले होते, पण स्वतः घ्यायला कोणता हात वर धरायचा, हे त्यांना आठवेना. त्यांनी चोरून बाजूला पाहिलं. सिदूनं डाव्या तळव्यावर उजवा ठेवून हात पुढे केले होते. मास्तरांनीही तसेच धरले, पण घाईत उजवा खाली गेला.

सिदूनं तो हळूच काढून वर ठेवला.