सभेच्या दिवशी दाखवलेली खोली

कोंडीराम दलालाने कुलूप काढलं, दार ढकललं आणि तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बघून घ्या बाई, निवांत. आज कोणाची कटकट नाही. अख्खी चाळ चौपाटीवर सभेला गेलीय."

खरंच होतं. गिरगावातल्या त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर ओळीने कुलपं दिसत होती. मीनाक्षीने पर्स छातीशी धरली. पर्समध्ये तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या फंडाचे पैसे होते. अप्पा गिरणीत कारकून, आणि परळची राहती खोलीही गिरणीचीच. त्यांना जाऊन महिना व्हायचा होता, तोवर गिरणीचा निरोप आला: महिनाअखेर जागा मोकळी करा. आईला घेऊन जायचं कुठे, या एका प्रश्नापायी मीनाक्षी दादरपासून इथवर जिने चढत आली होती. पागडीचा, म्हणजे भाड्याआधी गुपचूप मोजायच्या रकमेचा, आकडा ऐकून प्रत्येक ठिकाणी माघारी फिरावं लागलं होतं. इथला आकडा मात्र आवाक्यातला होता.

"एवढी स्वस्त कशी?"

"शेठ घाबरलाय हो. मुंबई कोणाला मिळते कोण जाणे, म्हणून गेला सुरतेला. दोन महिने खोली बंद आहे. सामान काय, उद्या-परवा उचलतील."

"त्यांना भेटता येईल?"

"जाताय सुरतेला?" तो हसला.

"निदान पावती?"

"पागडीची पावती? तुम्ही शिकलेल्या, मी काय सांगायचं तुम्हाला! उद्या हरताळ. परवा दुसरी पार्टी येतेय. आज द्याल तर तुमची."

पागडीची पावती या शहरात कोणीच देत नव्हतं, सज्जनसुद्धा. खऱ्या-खोट्याची पारख करायची तरी कशावरून?

ती आत गेली. उपडी घातलेली भांडी, कुलूपबंद ट्रंका. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हं आत आली होती. इथे आईची खाट बसेल, असं म्हणत तिने भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच थबकली.

भिंतीलगतची फरशी बाकीच्या जमिनीपेक्षा उजळ होती, नुकती घासल्यासारखी. मधोमध तेलाचा वाटोळा डाग, आणि त्याचा एक ओघळ दक्षिणेला गेलेला. फरशीच्या सांध्यात पीठ होतं. जागा मापल्यासारखं करून ती वाकली आणि तिने चिमटीत पीठ घेतलं. पांढरं, कोरडं. दोन महिने बंद खोलीत मुंग्यांनी ते ठेवलं नसतं.

दक्षिणेला तोंड करून वात घरात एकदाच लावतात, माणूस गेल्यावर. अप्पांच्या जागी ठेवलेल्या दिव्याखालची, पीठ पसरलेली फरशी तिने स्वतः राखेने घासली होती. डाग गेला नव्हता.

आधी दाराबाहेर पडायला हवं होतं. ती गॅलरीत आली, मग तिने विचारलं, "इथे कोण गेलं?"

"सांगितलं ना, शेठ सुरतेला..."

"वारलं कोण?"

त्याने जिन्याकडे नजर टाकली. "काय अभद्र बोलता, बाई! बरं, सगळे नको, इसार तरी द्या."

"नाही."

"आई कुठेय तुमची? चला, टॅक्सीने आणू, त्यांनाही खोली दाखवू. मी भाडं देतो."

"नको म्हटलं ना."

"मग बसा फुटपाथवर!" त्याने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दडदडत खाली उतरला.

तिलाही निघता आलं असतं. आई जेवायची खोळंबली असेल. पण किल्ली त्याच्या खिशात होती आणि परवाची पार्टी कदाचित खरीच असेल; तिला तरी कोण सावध करणार? मीनाक्षी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. पावलं वाजली की पर्सवरचे हात घट्ट होत. तो परत आला तर? सोबत कोणाला घेऊन आला तर?

दिवेलागणीला एक स्थूल बाई कठडा धरत वर आली.

"कोण गं तू? कुणाकडे आलीस?"

मीनाक्षीने खोली दाखवली. "इथली मंडळी?"

"त्यांचे वडील गेले गं, गेल्या आठवड्यात. दहाव्याला नाशिकला गेलीत सगळी. किल्ली भाडं वसूल करणाऱ्याकडे दिलीय. गावाला जाताना सगळेच देतो आम्ही."

"ती किल्ली आता एका दलालाकडे आहे. आत्ताच त्याने मला ही खोली दाखवली, पागडीवर."

बाईचा हात तोंडाकडे गेला. मग तिने आपल्या दाराचं कुलूप काढलं, त्या खोलीच्या वरच्या कडीला घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

"मेल्याला उद्या बघतोच आम्ही. पण तुझं काय? तू तर राहायला जागा शोधत होतीस ना?"

"शोधतेय अजून," मीनाक्षी म्हणाली. "तुमच्या चाळीत कळलं काही, तर सांगाल? पण ज्याची खोली, त्याच्याशीच बोलेन मी."