सुट्टीत ओढलेला टायर

यंदाच्या ज्येष्ठ महिन्याच्या अखेरीस, जबलपूर शहरातील घमापूर भागात, मुरलीधररावांच्या घरामागील अंगणात, कडुनिंबाखाली पडल्या पडल्या मी हे निवेदन करीत आहे. मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. माझ्याभोवती अजून एक दोर बांधलेला आहे. तो कोणी सोडलेला नाही. सोडावा असे कोणाला सुचेल, अशी या घराची सध्या अवस्थाही नाही.

रबर, काजळी आणि पोलादी तारा यांना साच्यात तापवून मला आकार दिला गेला. उष्णतेनेच मी घडलो, आणि उष्णतेनेच टायर मरतो. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतील. परंतु ती दोन्ही खरी आहेत, आणि माझी सारी कहाणी त्यांच्या मधल्या जागेत घडली आहे.

मुरलीधरराव संरक्षण-कारखान्याच्या एका लहान मालट्रकचे चालक होते. त्या ट्रकच्या डाव्या अंगाला मी अनेक वर्षे धावलो. नागपूरच्या वाटेवर लखनादौनच्या अलीकडे मोहाची झाडे आहेत. भर उन्हाळ्यात तेथे ते गाडी हटकून थांबवीत, खाली उतरत आणि तापकरी लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात आम्हा प्रत्येकाला लावून पाहत. हाताला चटका बसला, की पुढचा प्रवास बंद. एकदा त्यांचा क्लीनर पुंडलिक बादली घेऊन धावत आला.

"पाणी मारू का, भाऊ? लवकर थंडा होईल."

"खबरदार! पाणी नको मारू. त्याला सावली दे अन् वेळ दे, बस्स."

"साहेब ओरडतील ना, उशीर झाला तर."

"साहेब ओरडतील, नाही तर टायर फुटेल. काय परवडते, सांग."

मित्रांनो, एवढ्या मायेने वागवला गेलेला टायर क्वचितच सापडेल. म्हणून पुढे घडले ते मला अधिक दुःखाचे वाटते.

माझी नक्षी झिजली तेव्हा मला भंगारात काढण्यात आले. मुरलीधररावही त्याच सुमारास निवृत्त झाले. भंगाराच्या ढिगातून त्यांनी मला ओळखले आणि घरी आणले. काही वर्षे मी या झाडाखाली निवांत होतो. त्यांची कन्या स्वानंदी माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधीत असे. ती फुटबॉल खेळत असे, आणि पुढे दूरच्या एका संघाने तिला पगारी खेळाडू म्हणून घेतले. त्या दिवशी मुरलीधररावांनी साऱ्या गल्लीला खव्याची जिलेबी वाटली.

यंदा वैशाखात मोसम संपवून ती घरी आली. त्या मोसमात ती पुष्कळ वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली होती. आषाढातील शिबिरात ती कशी धावते, यावर तिचा पुढील करार ठरणार होता.

"बाबा, संघाच्या फिजिओदीदीनं सांगितलं आहे, तीन हप्ते धावायचं नाही. पोहणं, चालणं, बस. मग हळूहळू वाढवायचं."

"तीन हप्ते! उभ्या गाडीचा टायर बसून जातो, बेटा. एका बाजूनं चपटा. मग चालवा, धडधड करते गाडी."

"मी काय गाडी आहे का?"

"गाडीला तर सरकार डिझेल देते. तुला कोण देऊन राहिलं?"

ती हसली. तिची आई विनीताबाई मात्र हसल्या नाहीत. "अहो, पोरगी थकून आली आहे. ज्यांनी तिला खेळवलं, त्यांना काही समजत असेल ना?"

"समजत असेल तर बाकावर काहून बसवलं?"

हे वाक्य स्वानंदीला लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्वतःच मला अंगणातून ओढून रिक्षात घातले. शहरातल्या सदर भागाकडच्या मोकळ्या मैदानावर जाताना रिक्षावाल्याने सोबत बसलेल्या मुरलीधररावांना विचारले, "बाबूजी, पहिया लेकर घूम रहे हो, गाड़ी किधर है?"

"ये क्या, बाजू में बैठी है," मुरलीधरराव अभिमानाने म्हणाले.

माझ्याभोवतीचा दोर तिच्या कमरेला बांधला जाई आणि ती मला मैदानभर ओढी. प्रथम मी रिकामा होतो. मग माझ्यात वाळूची एक गोणी आली. मग दुसरी आली. विश्रांतीचे तीन आठवडे असे गेले. मुरलीधररावांचे म्हणणे निव्वळ चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. उभा टायर बसतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु त्यांनी अर्धेच सत्य घरी आणले. उरलेले अर्धे मोहाच्या झाडाखाली राहिले.

एका संध्याकाळी माझ्यावर बसलेल्या लेकीच्या पायाला तेल लावताना विनीताबाई थबकल्या.

"अहो, हिची नडगी गरम लागते. जरा हात लावून पाहा."

"उन्हातून आली आहे. गरमच लागणार," ते पेपरातून मान न काढता म्हणाले.

"दुखते का गं?"

"थोडंसं. चालतं, आई. शिबिर जवळ आलं."

त्यानंतर काही दिवसांनी, मैदानाच्या चढावर, दोर अचानक सैल पडला.

"काहून थांबली? चलो, एकच फेरी."

"बाबा, पाय टेकत नाही."

"टेकव, टेकव. असं होते."

तिने एक पाऊल टाकले. मग ती परत फिरून लंगडत माझ्यापर्यंत आली आणि माझ्यावर बसली.

हाडाच्या डॉक्टरांनी सांगितले, की नडगीच्या हाडाला तडा गेला आहे. तो एका आघाताने गेलेला नव्हता. रोज झालेली झीज भरून निघण्यास त्या हाडाला अवसरच मिळाला नव्हता. शिबिर तिच्यावाचून होणार आहे. संघाने तिला 'तब्येत सांभाळ' असे कळवले आणि तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली.

मित्रांनो, श्रम करू नका, असे सांगण्यासाठी मी हे बोललो नाही. जो टायर धावत नाही तो भंगारच होय. परंतु मोसमभर धावलेल्या शरीराला आधी सावली आणि वेळ द्या. मग ओझे थोडे थोडे वाढवा. आणि वाढवताना रोज हात लावून पाहा. जी माया तुम्ही वस्तूला देता, तीत आपल्या माणसाचाही वाटा असू द्या.

काल संध्याकाळी स्वानंदी झाडाखाली खुर्चीवर बसली होती. तिचा प्लास्टरमधला पाय माझ्यावर टेकवलेला होता. मुरलीधरराव आले, उकिडवे बसले आणि त्यांनी त्या पायाला हळूच उलटा हात लावला. बराच वेळ तो तसाच ठेवला. प्लास्टर थंडगार होते.

"काही समजतच नाही," ते पुटपुटले.

स्वानंदी रागावली नाही. ती त्यांच्या हाताकडे पाहत म्हणाली,

"बाबा, हात आधी लावायचा होता."