विसावी खिट्टी

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर सांगण्यात माझं काहीतरी चुकलं असं समजा. मुरुमच्या बाजारात कुणालाही विचारा, सिद्रामप्पा सेंट्रिंगवाला कसा माणूस आहे. कॉलम सरळ, माणूस वाकडा, असंच सांगतील.

पेटीपासून सुरुवात करतो. सिमेंटचा कॉलम भरायचा तर आधी उभी पेटी लागते. आत सळ्या, वरून माल ओतायचा, दुसऱ्या दिवशी पेटी खोलायची, की कॉलम तयार. पूर्वी आम्ही फळ्यांच्या पेट्या करायचो. नऊ इंची कॉलमला एक, बारा इंचीला दुसरी, आणि मालकाच्या मेव्हण्यानं ऐनवेळी येऊन पंधरा इंची करा म्हटलं की पुन्हा फळ्या कापत बसायचं. ह्यावर इलाज काढला माझ्या दोस्तानं, जैनोद्दीननं. बसस्टँडच्या मागं त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं.

त्यानं चार लोखंडी पत्रे घेतले, दहा दहा फूट उंच. प्रत्येकाची एक कड दुमडली आणि अंगावर इंचाइंचाला खाचा पाडल्या. चार माणसांनी गोल उभं राहून ज्यानं त्यानं पुढच्याच्या कंबरेला धरावं, तसे ते पत्रे एकमेकांना धरायचे. हव्या त्या मापाची खाच बघायची, तिच्यात निमुळती लोखंडी खिट्टी घालायची, वर हातोड्याचा टोला. नऊ इंचापासून अठरापर्यंत एकच पेटी. चार कोपरे, कोपऱ्याला पाच, अशा वीस खिट्ट्या. रिकाम्या खाचांतून माल गळायचा, म्हणून त्याची बायको, बिबीजान भाभी, कडब्याच्या ताटाची बोटभर कांडकी कापून पिशवी भरून द्यायच्या. ती खाचांत कोंबली की पाण्याचा थेंब बाहेर येत नसे.

खिट्ट्या आधी सुट्या होत्या. त्या मी हरवायचो. बोलायच्या नादात कुठंही ठेवायचो. एक तर दाढी करायला बसलो तेव्हा न्हाव्याच्या वाटीत राहिली आणि त्यानं ती वर्षभर वस्तऱ्याशेजारी जपून ठेवली. शेवटी जैनूनं वैतागून प्रत्येक खिट्टीला वीतभर साखळी लावली आणि साखळीचं दुसरं टोक पत्र्यालाच वेल्ड केलं. म्हणाला, "सिद्राम, आता तुझी जीभ तेवढी सुटी राहिली. तिला बी डकवू का?" त्याचं वेल्डिंग बघावं, माशाच्या अंगावरचे खवले जसे एकावर एक, सारखे.

त्या पेटीनं आम्ही शाळेचा व्हरांडा केला, मारुतीचं देऊळ केलं, मशिदीची ओसरी केली. ईट गावात हिंमतरावांचा बंगला केला, तेव्हा तर कॉलम इतका सरळ निघाला की गवंड्यानं ओळंबा लावल्यावर ओळंबाच जरा सरकून नीट उभा राहिला. त्याच बंगल्यात माल ओतताना हिंमतरावांचा मोबाईल पेटीत पडला. तीन दिवस आतून वाजत होता. मी म्हटलं, "फोडू का?" ते म्हणाले, "राहू द्या, घरचाच फोन असतोय." अजूनही पाऊस लागला की त्या खांबाला कान लावा, घंटी ऐकू येते. ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली असेल. त्या हजारातली एक वेळ सांगायला नको होती, पण ते पुढं.

आता जैनू नाही. पंधरा वर्षं झाली. येडशीला कामावर गेला आणि त्याच्याच पेटीपाशी पडला. तेव्हापासून पेटीचं नाव खराब झालं. जैनूची पेटी भरल्या मालावर उघडते, असं तालुकाभर झालं. केली त्यालाच खाल्लं तिनं, असं बायका म्हणायच्या. मी सगळ्यांना सांगायचो, पेटीचा दोष नाही, माकडाचा दोष आहे. तर लोक म्हणायचे, माकडानं उपटली म्हणजे खिट्टी कच्चीच की. पेटीला पुन्हा कुणी हात लावला नाही. माझा थोरला, रेवणसिद्ध, आता धंदा बघतो. त्याच्या शेडमध्ये प्लायवूडच्या पाट्यांमागं ती भिंतीला टेकून उभी होती.

गेल्या महिन्यात जैनूची मुलगी आली. जास्मिन. बाप गेला तेव्हा चौथीत होती. आता सोलापुरात एका बिल्डरकडं साइट बघते, डोक्यावर पिवळी टोपी घालून माणसांना कामाला लावते. आईसाठी मुरुमला दोन खोल्या बांधायला काढल्यात. आली ती सरळ शेडमध्ये गेली, रेवणसिद्धकडून पेटी बाहेर काढून घेतली, फडक्यानं पुसली, चारी पत्रे उभे करून जुळवले. मग माझ्यापुढं येऊन बसली. पायाच्या बोटांवर, उकिडवी. बाप असाच बसायचा.

"चाचा, उद्या अम्मीच्या घराचे कॉलम भरायचेत. अम्मी म्हणते अब्बाच्याच पेटीत भर."

"भर की. चांगलं हाय."

"पण ह्या पेटीशेजारी उद्या मी माणसं उभी करणार. सगळे म्हणतात पेटी कच्ची होती. ती कच्ची असंल, तर भरणार नाही. अम्मीला तसं सांगीन." तिनं पेटीकडं बघितलं. "आणि मग अब्बाचं काम कच्चं होतं, हे बी सांगावं लागंल. म्हणून तुम्हाला विचारायला आले. त्या दिवशी काय झालं?"

"साऱ्या मुरुमला ठाऊक हाय, तुला न्हाय व्हय?"

"माकडाचं ठाऊक आहे. लोकांच्या तोंडून. तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही."

रेवणसिद्ध पाट्या रचत होता. तो म्हणाला, "जास्मिन, खुर्ची घे. आता तासाची निश्चिंती. आणि माकडं किती होती ते आधी विचारून घे, दर साली वाढतात."

"तू गप रे," मी म्हटलं. "आपल्या बापाला हसतोय."

"हसायला तुमीच तर शिकवलं, अप्पा."

मग मी सांगितलं. नेहमी सांगतो तसंच सुरू केलं.

येडशीला स्टेशनच्या रस्त्यावर दुकानांचं काम होतं. सकाळची वेळ. सहा कॉलम भरून झाले होते, सातवा लावला होता. नवी साइट असली की जैनू दुकान बंद करून यायचा आणि स्वतः परांचीवर चढून सळईनं माल ठासायचा. मी खाली बसून खिट्ट्या ठोकत होतो. हातानं खिट्ट्या आणि तोंडानं हिंमतरावांचा मोबाईल, दोन्ही चालू. माल कालवणारी माणसं फावडी टेकून ऐकत होती. वरून जैनूनं विचारलं, "सिद्राम, वीस झाल्या का?" मी म्हटलं, "झाल्या, ओत."

आणि तेवढ्यात माकड आलं.

"एकच?" रेवणसिद्ध म्हणाला.

"एकच. म्होरक्या होता. रामलिंगच्या डोंगरातला. तिथली माकडं स्टेशनावर गाडीच्या टायमाला येतात, टाइमटेबल पाठ हाय त्यांना. ह्याची गाडी चुकली असंल, म्हणून साइटवर आला. आधी माझ्याजवळ बसून मोबाईलची गोष्ट ऐकली. पटली न्हाय वाटतं त्याला, तोंड वाकडं केलं. मग खालच्या कोपऱ्यातली खिट्टी धरली, दातात घोळवली, खेचली आणि गेला लिंबावर. तिथं बसून तिनं पाठ खाजवायला लागला."

रेवणसिद्ध हसला. दरवेळी इथं सगळेच हसतात. बाजारातला चहावाला तर नवं गिऱ्हाईक आलं की मला हाक मारायचा, "अप्पा, ते माकडाचं होऊ द्या." जैनू मेला ती गोष्ट ऐकून लोक पोट धरून हसायचे, आणि मी त्यांना हसू देत होतो. एके वर्षी मी माकडाला बायको दिली. एके वर्षी ते खिट्टी परत आणून द्यायला आलं होतं.

जास्मिन हसली नाही. "मग?" म्हणाली.

"मग काय. माल गळ्यापर्यंत आला होता. सगळा भार खाली असतो, तुला सांगायला नको. खालचा कोपरा उघडला. जुनं गोणपाट फाडावं तसा आवाज आला. पेटीनं लाथ मारली, परांची गेली, आणि परांचीवरचा तुझा बाप गेला. पलीकडं खडीचा ढीग होता, त्यावर डोकं आपटलं. सळई हातात तशीच होती."

इथं माझी गोष्ट संपते. बाजारात मी इथंच चहा मागतो. पण जास्मिन बोटांवर तशीच बसून राहिली होती, तिला पुढचं ऐकायचं होतं, आणि मला का कोण जाणे, थांबता येईना. जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते मी सांगायला लागलो.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये घालून आम्ही त्याला धाराशिवला न्यायला निघालो. डोकं माझ्या मांडीवर. ओला माल त्याच्या केसांत, कानात, भुवईवर. ऊन चढलं होतं आणि तो माल सुकायला लागला होता. मला दुसरं काही सुचेना. मी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या डोक्यावर मारत होतो, थोडं थोडं, कॉलमला मारतात तसं. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, पाणी प्यायला द्या त्यांना." मी म्हटलं, "वाळलं तर निघणार न्हाय."

घाटाच्या वळणावर जैनूनं डोळे उघडले. म्हणाला, "खालचा कोपरा?"

एवढंच विचारलं. मी म्हटलं, "माकड आलं होतं, जैनू. माकडानं खिट्टी नेली."

माकडाची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती त्याला. तो हसला. म्हणजे ओठ हलले, मी हसला असं धरलं. मग पुढच्या गावापर्यंत त्याचा हात माझ्या मनगटावर होता, आणि त्या गावाच्या पुढं तो हात नुसताच तिथं होता.

दवाखान्यात बिबीजान भाभी आल्या. त्यांनी विचारलं, "भाई, कैसा हुआ?" मी त्यांनाही माकडच सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. हातांकडं बघितलं. हात कोपरापर्यंत सिमेंटनं पांढरे झाले होते.

रेवणसिद्धनं हातातली पाटी हळूच खाली ठेवली. हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"म्हणजे पेटी पक्की होती," जास्मिन म्हणाली.

"पक्की. तुझ्या बापासारखं काम ह्या जिल्ह्यात कुणी केलं न्हाय. तू डोळे झाकून भर."

"डोळे झाकून नाही भरत मी." ती उठली. पेटीपाशी गेली, खालच्या कोपऱ्याशी बसली, खिट्टी खाचेत घातली आणि हातोड्यानं एक टोला दिला. एकच, बेताचा. "दादा, ही हातानं काढून दाखव."

रेवणसिद्ध सिमेंटची दोन पोती एकदम उचलतो. त्यानं एका हातानं ओढली, मग दोन्ही हातांनी, मग पेटीला पाय लावून. खिट्टी हलली नाही. हात झटकत तो माझ्याकडं बघायला लागला.

"रामलिंगची माकडं लई ताकदीची," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही.

जास्मिन कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवत निघाली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर म्हणाली, "चाचा, वीस आहेत."

"व्हय, वीसच असतात."

"एक माकडानं नेली ना?"

मी म्हटलं, "नंतर म्या नवी करून लावली. जोड मोडू ने म्हणून."

"साखळीसकट?"

"साखळीसकट."

ती परत खालच्या कोपऱ्याशी वाकली. साखळी जिथं पत्र्याला चिकटवली होती तिथं अंगठा फिरवला, हळूहळू, खालून वर. तिथंही खवलेच होते, एकावर एक, सारखे. तिचा अंगठा तिथं बराच वेळ राहिला.

"तुम्हाला वेल्डिंग कधी येत होतं, चाचा?"

माझ्याकडं उत्तर होतं. दोन होती. एकात उमरग्याचा वेल्डर होता आणि दुसऱ्यात जैनूचा भूत झालेला हात. दोन्ही तोंडाशी आली आणि तिथंच थांबली.

जास्मिननं हातोडा उलटा धरून खालून टोला दिला. खिट्टी निघाली, साखळीला लोंबकळली, दोनदा हलली आणि स्थिर झाली. ती खिट्टीकडं बघत होती. मग माझ्याकडं वळली आणि जराही आवाज न चढवता, शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"चाचा, माकड आलंच नव्हतं. ही खिट्टी तुम्ही घातलीच नव्हती."