टक्केवारी आणि ओला चमचा

गणित शिकवणाऱ्या कादंबरीने व्हिडिओचे धडे केले होते मोठ्या निगुतीने. मागे पांढरी भिंत, आवाज स्वच्छ, गणिताच्या प्रत्येक पायरीला रंगीत चित्र. कोलकात्याजवळच्या बजबज गावात ज्यूट मिलच्या वस्तीतल्या बायकांसाठी दहावीचं गणित, हिंदीतून, मोबाइलवर. या बायकांची शाळा केव्हाच सुटली होती. कुणाची लग्नापायी, कुणाची धाकटी भावंडं सांभाळण्यापायी. आता घरबसल्या अभ्यास करून परीक्षा द्यायची त्यांना भारी हौस. पण हौस असून काय उपयोग? धडा लावला की वाटीभर भाजी चिरून व्हायच्या आत बाया पसार!

एस्प्लनेडच्या ऑफिसात तिच्या साहेबाने, तन्मयने, कॉम्प्युटरवरचा आलेख तिच्यापुढे वळवला. "बघ, नुसती घसरगुंडी आहे. या बायका परीक्षेला बसल्या नाहीत, तर कोर्स बंद करायचा असं वरून आलंय." मग एका जागी त्याने बोट ठेवलं. "पण टक्केवारीच्या धड्यात काय जादू केलीस? तो सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिलाय. काहींनी तर पुन्हा पुन्हा!"

कादंबरीने घरी येऊन तो धडा लावला आणि कपाळाला हात मारून घेतला. खिदिरपूरच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी जेवणाच्या टेबलावर बसून ती धडे रेकॉर्ड करायची. त्या दिवशी गॅसवर दूध ठेवून विसरली होती. धड्याच्या ऐन मधोमध तिच्या सासूबाईंचा, पुष्पाबाईंचा, खणखणीत मराठी आवाज घुसला होता. "अगं, उतू गेलं सगळं! लक्ष कुठंय तुझं? किती वेळा सांगायचं एका माणसाला?" आणि कादंबरी आपली चेहरा पाडून साडीवर दहा टक्के सूट काढून दाखवत होती. तेवढा तुकडा कापायचा राहून गेला होता.

तिने वस्तीतल्या सरलाला फोन लावला. ही सरला म्हणजे त्या बायकांची पुढारी.

"दीदी, पुढे काय झालं?" सरलाने फोन उचलताच विचारलं.

"टक्केवारीत?"

"टक्केवारी गेली चुलीत! माँजींचं काय झालं? जेवायला तरी दिलं ना तुम्हाला? शब्द एक कळला नाही, पण सूर बरोब्बर कळला. आणि दीदी, एवढं ऐकून घेऊनही तुम्ही गणित सोडलं नाहीत. मग आम्ही कसं सोडणार?"

आता एखाद्या शहाण्या बाईने सासूला विश्वासात घेतलं असतं. पण सांगून रागवायला लावलं तर त्यात राम तो काय राहणार? कादंबरीने दुसरा मार्ग धरला. सरळ व्याज शिकवताना लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला. समीकरणांच्या वेळी बटाट्याच्या भाजीला पुष्पाबाईंना मुळीच न खपणाऱ्या मोहरीच्या तेलाची फोडणी बसली. भूमितीच्या दिवशी तर तिने देवघरातलं फडकं घेऊन ओटा पुसला! "काय म्हणावं या पोरीला? अंत बघतेय नुसती माझा!" पुष्पाबाईंचा पट्टा सुटायचा, कादंबरी मान खाली घालून त्रिकोण काढायची, आणि ऑफिसातली रेघ वर वर चढायची.

खरं म्हणजे पुष्पाबाई लाखात एक. सून कामावरून येईपर्यंत चहाचं आधण तयार ठेवणारी बाई, आणि अख्ख्या वस्तीत ती कैदाशीण म्हणून गाजत होती! कादंबरीला मनातून लाज वाटायची, अगदी खूप वाटायची. पण परीक्षा तोंडावर आली होती. ती पुन्हा चमचा ओला करायची.

एका रविवारी भर दुपारी बेल वाजली. दारात सरला, आणि तिच्या मागे जिनाभर बायका. लोकलने आल्या होत्या, उन्हाने सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते.

सरलाने पुष्पाबाईंपुढे हात जोडले. "माँजी, रागवू नका. आमच्यापायी दीदीला रोज बोलणी खावी लागतात. आम्हाला बघवत नाही. आमचं ठरलंय, आम्ही हा कोर्सच सोडून देतो. पण तिला त्रास देऊ नका."

पुष्पाबाई बघतच राहिल्या. आधी सरलाकडे, मग सुनेकडे, मग टेबलावरच्या मोबाइलच्या स्टँडकडे, आणि शेवटी त्याच्या शेजारच्या लोणच्याच्या बरणीकडे.

"सरला, ऐक, सगळी चूक माझी..." कादंबरीने कसंबसं तोंड उघडलं.

"तू गप्प बस!" पुष्पाबाई गरजल्या, आणि तेही सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. त्यांनी पदर खोचला. "कोर्स सोडताय? सोडा की! हिची नोकरी जाईल, मग दिवसभर आहेच माझ्या तावडीत. नीट ऐकून ठेवा. परीक्षेला यातली एक जरी बाई कमी दिसली ना, तर हिची खैर नाही!"

सरलाने कादंबरीच्या गालावरून हात फिरवला आणि ती हळूच म्हणाली, "घाबरू नका दीदी. ताप आला तरी येऊ आम्ही, सगळ्या." बायका खाली उतरून गेल्या.

दार लागलं तशा पुष्पाबाई खुर्चीत मटकन बसल्या. दारी आलेल्या पोस्टमनलासुद्धा चहा पाजणारी बाई ती. "उन्हातून आल्या होत्या गं बिचाऱ्या. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. डब्यात लाडू होते."

कादंबरीला रडूच फुटलं. "आई, फार चुकलं माझं. मी आत्ता खाली जाऊन त्यांना खरं सांगते."

"खबरदार! निकाल लागेपर्यंत मला वाईटच राहू दे. मग बोलाव सगळ्यांना जेवायला. पुरणपोळी करीन." त्यांनी डोळे पुसले, बरणी जवळ ओढली, झाकण काढून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम पालटला. "आणि या लोणच्याला बुरशी आलीय, कादंबरी. आता मी खरीखुरी रागावणार आहे. लाव तो मोबाइल."